ब्रायसन डीशॅम्बो: आयर्न सगळी एका मापाची, कारकीर्द कुठल्याच मापात न बसणारी

टप्पाबाहेर

बड्या गोल्फपटूंच्या पिशवीत काय काय असतं हे वाचायचा मला नाद आहे. पण बहुतेक पिशव्या आतून सारख्याच निघतात. कंपनी वेगळी, शाफ्टचा (दांड्याचा) रंग वेगळा, बाकी मांडणी तीच. ब्रायसन डीशॅम्बोची पिशवी उघडली की मात्र जवळजवळ प्रत्येक क्लबमागे (गोल्फच्या काठीमागे) एकेक भांडण निघतं. कुठे नियम ठरवणाऱ्यांशी, कुठे स्वतःच्या प्रायोजकाशी, कुठे थेट भौतिकशास्त्राशी. म्हणून हा धागा त्याच्यावर. त्याचा स्वभाव, लिव्ह (पीजीए टूरशी स्पर्धा करणारी लीग), यूट्यूब यांवर भांडायला इतरत्र भरपूर जागा आहे. इथे शक्यतो कारकीर्द आणि क्लब यांची सांगड कशी बसते तेवढंच बघू.

थोडक्यात ओळख. जन्म १९९३ चा, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोचा. वाढला फ्रेस्नोजवळच्या क्लोव्हिसमध्ये. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात शिकला, विषय भौतिकशास्त्र. २०१५ मध्ये एनसीएएचं (अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेचं) वैयक्तिक विजेतेपद आणि यूएस अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा, दोन्ही एकाच वर्षी मारलं. त्याआधी हे जमलेले चारच जण: जॅक निकलस, फिल मिकल्सन, टायगर वुड्स आणि रायन मूर. २०१६ च्या मास्टर्समध्ये हौशी खेळाडूंत पहिला आला आणि लगोलग व्यावसायिक झाला. २०१७ मध्ये जॉन डीअर क्लासिक हे पीजीए टूरवरचं (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेतलं) पहिलं विजेतेपद. २०१८ मध्ये मेमोरियल धरून चार स्पर्धा, त्यात फेडेक्स प्लेऑफच्या पहिल्या दोन लागोपाठ.

आता मुद्द्याचं. नेहमीच्या सेटमध्ये आयर्नचा (मधल्या अंतरासाठीच्या, नंबर घातलेल्या क्लबांचा) नंबर जसा वाढतो तशी शाफ्टची लांबी साधारण अर्ध्या इंचाने कमी होते, लॉफ्ट (चेहरा मागे कललेला असतो तो कोन) चारेक अंशांनी वाढतो आणि डोकं काही ग्रॅमनी जड होत जातं. म्हणजे प्रत्येक क्लबला उभं राहायची जागा वेगळी, वाकणं वेगळं, चेंडू पायांच्या मध्ये कुठे ठेवायचा तेही वेगळं. २०११ मध्ये, अजून शाळेत असताना, डीशॅम्बोने प्रशिक्षक माइक शाय यांच्याबरोबर बसून ठरवलं की हे सगळं एकच करून टाकायचं. सगळी आयर्न साडेसदतीस इंचांची, म्हणजे ढोबळमानाने सात नंबरच्या लांबीची. डोक्यांचं वजन एक, लाय अँगल (दांडा जमिनीशी करतो तो कोन) एक. बदलणार फक्त लॉफ्ट. स्विंग एकच पाठ करायचा आणि हातात कुठलाही क्लब असो, तोच करायचा.

मला हे फार आवडतं. पटतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तो तुमच्यापुढे टाकतोय. हा माणूस जिंकतो तो या क्लबांमुळे की हे क्लब असूनही?

वाचनमात्र

वाचतोय.

शंकासूर

मस्त विषय. एक बाळबोध शंका. कल्पना एवढी सरळ आहे तर बाकीचे का नाही वापरत? इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नसेल असं कसं होईल?

गणूचा_कोनमापक

शंकासूर, सुचलं होतं की. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर कंपनीने ईक्यूएल नावाचा एकाच लांबीचा सेट बाजारात आणला होता. चालला नाही. डीशॅम्बोचे सुरुवातीचे क्लब डेव्हिड एडेल यांच्याकडचे, मग २०१६ मध्ये कोब्राशी करार झाला आणि पुढच्या वर्षी कोब्राने 'वन लेंग्थ' सर्वसामान्यांसाठी काढला. म्हणजे कल्पना जुनीच, मोठ्या मैदानात जिंकून दाखवणारा मात्र हा पहिला.

बाकीचे का वापरत नाहीत याचं उत्तर सेटच्या दोन टोकांना आहे. सात नंबरला काहीच फरक पडत नाही, कारण ती लांबी त्याचीच. सहा आणि आठलाही फारसा नाही. खरी कसोटी चार-पाच नंबरला आणि वेजला (सगळ्यात जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब).

चार नंबर नेहमीच्या सेटमध्ये साधारण साडेअडतीस इंचांचं असतं. लांब शाफ्टमुळे डोक्याला वेग मिळतो, वेगामुळे चेंडू उंच उठतो. तेच क्लब एक इंचाने आखूड केलं की वेग घटतो. डोकं थोडं जड केल्याने त्यातलं काही भरून निघतं, सगळं नाही. परिणाम असा की चार आणि पाच नंबरच्या अंतरात जेवढा फरक हवा तेवढा राहत नाही, चेंडू खालून जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबत नाही. डीशॅम्बोच्या स्विंगला वेग इतका आहे की त्याला ही तूट जाणवत नाही. सावकाश स्विंगवाल्याला नेमकी तिथेच जाणवते.

वेजचं उलट. ती एरवी साडेपस्तीस इंचांच्या आसपास असते, इथे दोन इंच लांब. पूर्ण स्विंगला काही अडत नाही. पण ग्रीनच्या कडेवरून पाव स्विंगने चेंडू टपकन टाकायचा असेल तेव्हा एवढा लांब दांडा अंगात घुसतो. खाली धरावा तर डोकं हलकं वाटायला लागतं, कारण वेजचं डोकंही सात नंबरच्याच वजनाचं केलेलं असतं.

शिवाय त्याचा स्विंगही या क्लबांसाठीच घडवलेला आहे. चेंडूसमोर उभा राहताना हात उंच, मनगटं जवळजवळ ताठ, दांडा आणि हात एका रेषेत. त्यासाठी लाय अँगल नेहमीपेक्षा बराच उभा लागतो. ग्रिपही जंबोमॅक्सच्या जाड्याजुड्या, क्लब बोटांत न धरता तळव्यात बसावा म्हणून. मो नॉर्मन हा कॅनेडियन खेळाडू काहीसं असंच, हात आणि दांडा एका प्रतलात ठेवून खेळायचा. थोडक्यात, त्याचे क्लब उसने घेऊन आपला जुना स्विंग केला तर दोन्ही बिघडतील.

रफमधला_ससा

गणूसाहेब, उत्तम लिहिलंय. पण धाग्याच्या मूळ प्रश्नाला मी जरा वेगळं उत्तर देईन. एकाच लांबीच्या आयर्नमुळे तो प्रसिद्ध झाला. जिंकला मात्र दुसऱ्याच दोन क्लबांवर.

२०२० घ्या. टाळेबंदीत वजन वाढवून, व्यायामशाळेत राबून तो ओळखू येणार नाही असा परतला. जुलैत डेट्रॉइटला रॉकेट मॉर्टगेज क्लासिक जिंकली तेव्हा ड्रायव्हरची (सगळ्यात लांब मारायच्या क्लबची) सरासरी होती ३५०.६ यार्ड. सप्टेंबरात विंग्ड फूटला यूएस ओपन. हे कसलं मैदान आहे ते आधी सांगतो. १९७४ मध्ये तिथे हेल अर्विन सात ओव्हरवर, म्हणजे पारपेक्षा (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) सात जास्त घेऊन जिंकला होता. २००६ मध्ये जेफ ओगिल्वी पाच ओव्हरवर. तिथे हा गडी सहा अंडर! संपूर्ण स्पर्धेत पारच्या खाली राहिलेला एकटा, दुसऱ्या क्रमांकाच्या मॅथ्यू वुल्फपेक्षा सहा फटके पुढे. शेवटच्या दिवशी पारच्या खाली खेळलेलाही एकटाच.

आणि फेअरवे (मधली कापलेली पट्टी) सापडले किती? ५६ पैकी २३. यूएस ओपन म्हणजे फेअरवेवर राहा, रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) गेलात तर मेलात, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. याने हिशेब असा मांडला की अरुंद फेअरवे कुणालाच धड सापडत नाहीत, मग रफमध्ये जायचंच असेल तर शक्य तितकं पुढे जाऊन पडावं. तिथून सहा-सात नंबर मारण्यापेक्षा वेज बरी.

म्हणजे काय झालं? ड्रायव्हरने अंतर कापलं, वेजने चेंडू रफमधून उपटला आणि पटरने (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायच्या क्लबने) काम संपवलं. त्या मोसमात टीवरून (होलच्या पहिल्या फटक्यात) इतरांवर मिळवलेल्या फटक्यांत तो टूरवर पहिला होता, पटिंगमध्येही वरच्या फळीत. आयर्नने ग्रीनवर चेंडू नेण्यात मात्र बराच खाली. ज्या अवजारासाठी नाव झालं तेच त्याच्या खेळातलं लंगडं अंग.

टप्पाबाहेर

ससोबा, आकड्यांशी वाद नाही. निष्कर्षाशी थोडा आहे. आयर्नमध्ये तो टूरवरचा सर्वोत्तम कधीच नव्हता, मान्य. पण सगळ्या आयर्नला एकच स्विंग लागतो म्हटल्यावर सरावातला जो वेळ वाचतो तो गेला कुठे? ड्रायव्हरचा वेग वाढवण्यात आणि पटिंगमध्येच ना? एरवी एवढा देह बदलून, स्विंगचा वेग बदलून पुन्हा सगळ्या आयर्नची अंतरं नव्याने बसवायची म्हणजे वर्ष गेलं असतं. त्याचं काही महिन्यांत बसलं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

मेघधनू

पटरचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं, कारण मला त्याच्या पिशवीतली सगळ्यात सुरस वस्तू तीच वाटते.

व्यावसायिक झाला तेव्हा त्याचं पटिंग चांगलंच डळमळीत होतं. २०१७ च्या सुरुवातीला त्याने साइड-सॅडल पद्धत आणली. चेंडूच्या बाजूला न उभं राहता होलकडे तोंड करून, पटर शरीराच्या कडेला धरून समोर ढकलायचा. कल्पना वाईट नाही, दोन्ही डोळ्यांनी रेषा दिसते. पण तो पटर नियमांत बसत नाही असा निर्णय यूएसजीएने (अमेरिकेत नियम ठरवणाऱ्या संस्थेने) दिला आणि प्रकरण तिथेच संपलं. गडी जाम वैतागला होता तेव्हा.

मग आली आर्मलॉक पद्धत. पटर थोडा लांब, त्याची ग्रिप डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाला चिकटवलेली. मनगट हलायला जागाच उरत नाही. इथे बरेच जण गोंधळतात. २०१६ पासून पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारायला बंदी आहे. हाताच्या पुढच्या भागाला टेकवायला नाही. तो हात स्वतः अंगाला टेकवला नाही म्हणजे झालं. ही पळवाट आहे का? असेल. पण मोकळी आहे आणि इतरही वापरतात.

पटर सिक कंपनीचा. चेहऱ्यावर एकाखाली एक चार सपाट पट्ट्या, वरच्या पट्टीला चार अंश लॉफ्ट, मग तीन, दोन, सगळ्यात खालच्या पट्टीला एक. कारण असं की हात थोडे पुढे गेले तर चेंडू चेहऱ्यावर वरच्या बाजूला लागतो, मागे राहिले तर खाली. दांडा पुढे झुकल्याने जो लॉफ्ट कमी होतो तो वरची पट्टी भरून काढते, मागे कलल्याने वाढतो तो खालची पट्टी कमी करते. चेंडू दर वेळी सारख्याच कोनात निघून लवकर घरंगळायला लागतो. आयर्नमागे जो विचार, तोच इथे. हात चुकणारच हे गृहीत धरायचं आणि ती चूक होलपर्यंत पोचू द्यायची नाही.

आडवातिडवा

सगळे कौतुकात न्हाऊन निघालेत म्हणून थोडं आडवं लावतो.

दर काही महिन्यांनी या माणसामागे नियमांची काही ना काही भानगड असते. साइड-सॅडलचा पटर वर आलाच. २०१८ मध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत होलांच्या जागांचा नकाशा घेऊन त्यावर कंपास चालवताना कॅमेऱ्यात सापडला. दिशादर्शक नव्हे, कंपासपेटीतला, वर्तुळं काढायचा! यूएसजीएने तेही बंद केलं. २०१९ मध्ये नॉर्दर्न ट्रस्टला आठ फुटांच्या पटसाठी दोन मिनिटांहून जास्त वेळ घेतला आणि सहखेळाडूंनीच झोडपला. हवेची घनता, वारा, उतार, सगळं मोजून होईपर्यंत मागचा गट कंटाळून बसलेला.

आणि ऑगस्टा विसरलात वाटतं? नोव्हेंबर २०२० मधल्या मास्टर्सआधी साहेब म्हणाले की माझ्यासाठी हे मैदान पार ६७ चं आहे. निकाल काय, तर बरोबरीत चौतिसावा. ६३ वर्षांचा बर्नहार्ड लांगर त्याच्या पुढे संपला. लांगरचे ड्रायव्हर याच्या कितीतरी मागे पडत होते, तरी.

रफमधला_ससा

लांगरचा मुद्दा बिनतोड आहे, हात जोडले. पण कंपासचं प्रकरण मला गुन्ह्यापेक्षा विनोद म्हणूनच जास्त आवडतं.

खुंटी

ड्रायव्हरवर कुणी लिहीत नाहीये म्हणून मीच लिहितो.

आधी लॉफ्ट. टूरवर साधारण नऊ ते साडेदहा अंशांचे ड्रायव्हर दिसतात. हा पाच-सहा अंशांवर खेळतो. २०२० च्या कोब्रावर साडेपाच होता. एवढ्या सपाट चेहऱ्याने चेंडू उडतो कसा? तो टी उंच लावतो आणि डोकं वर जात असताना चेंडूला गाठतो. वेग प्रचंड असल्यामुळे उंची मिळतेच. जास्त लॉफ्ट ठेवला तर मागची फिरकी वाढते आणि चेंडू वर जाऊन फुग्यासारखा थांबतो. त्याला ती फिरकी मारायची असते.

मग लांबी. ऑगस्टाच्या आधी ४८ इंची ड्रायव्हरची खूप हवा झाली होती. त्याने चाचण्या घेतल्या, स्पर्धेत मात्र वापरला नाही. त्या वेळी नियमात ४८ पर्यंत मुभा होती. नंतर मोठ्या स्पर्धांसाठी ४६ इंचांची स्थानिक मर्यादा आली आणि पीजीए टूरने ती जानेवारी २०२२ पासून लावली. लोक म्हणतात हा डीशॅम्बोला लगाम. गंमत अशी की लांब ड्रायव्हर घेऊन मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकला तो मिकल्सन, २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप, पन्नाशीत, ४७.९ इंचांच्या ड्रायव्हरने. नव्या मर्यादेवर सगळ्यात मोठा गळाही त्यानेच काढला.

डीशॅम्बोने त्या काळात ड्रायव्हरने काय काय केलं तेही नोंदवून ठेवू. मार्च २०२१ मध्ये बे हिलला सहाव्या होलवर, जिथे सगळे तळ्याला वळसा घालून जातात, तिथे हा शनिवारी थेट तळ्यावरून ३७० यार्ड, रविवारी ३७७. स्पर्धाही जिंकला, ली वेस्टवुडपेक्षा एका फटक्याने. सप्टेंबरात रायडर कपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या पाचव्या होलवर ४१७ यार्ड. त्याच्या पाठोपाठ लाँग ड्राइव्हच्या जागतिक स्पर्धेत उतरला. तिथे नुसतं अंतर मारणाऱ्या पहिलवानांत सातवा आला.

पण याच वर्षी जुलैत रॉयल सेंट जॉर्जेसला ओपनच्या पहिल्या फेरीनंतर पत्रकारांसमोर त्याने स्वतःच्या ड्रायव्हरलाच शिव्या घातल्या. चेंडू चेहऱ्याच्या मधोमध लागला नाही की कुठेही जातो, असा सूर. कोब्रावाले भडकले. त्यांच्या माणसाने जाहीरपणे सुनावलं की आम्ही याच्यासाठी रात्रंदिवस खपतो आणि हा असं बोलतो. त्याने त्याच दिवशी माफी मागितली. वागणं पोरकटपणाचंच होतं. तांत्रिक तक्रार मात्र अगदीच हवेतली नव्हती. ड्रायव्हरचा चेहरा आडवा आणि उभा किंचित फुगीर असतो, म्हणजे टोकाला किंवा टाचेला लागलेला चेंडू बाहेर निघून वळून परत येतो. ही फुगी किती असावी हे सामान्य वेगाचा विचार करून ठरवलेलं असतं. याच्या वेगाला तीच फुगी जास्त पडते की कमी, हाच त्याचा ध्यास होता.

कोब्राशी काडीमोड झाल्यावर तो गेला क्रँककडे. ही छोटी कंपनी, मुख्यतः लाँग ड्राइव्हवाल्यांसाठी क्लब बनवणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीनब्रायरला लिव्हच्या स्पर्धेत त्याच ड्रायव्हरने शेवटच्या दिवशी ५८! तेरा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), एक बोगी (एक जास्त). आदल्या दिवशी ६१ होते.

शंकासूर

खुंटी, मधल्या काळात तो गायब का झाला होता मग? २०२२ मध्ये काहीच ऐकल्याचं आठवत नाही.

खुंटी

डाव्या हाताच्या मनगटाजवळचं हॅमेट हाड मोडलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये लिव्हला गेला. पुढे आहार बदलून बरंच वजनही उतरवलं. आताचा डीशॅम्बो २०२० पेक्षा सडसडीत आहे आणि वेग फारसा गेलेला नाही. तेवढं सगळं मांस चढवायची गरज होती का, असं विचारायला हरकत नाही.

गणूचा_कोनमापक

खुंटींनी फुगीचा मुद्दा काढला तो पुढे नेतो, कारण त्याचं दुसरं टोक आयर्नमध्ये आहे.

२०२४ च्या मास्टर्सला तो अवोडा नावाच्या अगदी छोट्या कंपनीची थ्रीडी प्रिंट केलेली आयर्न घेऊन आला. लांबी एकच, ते बदललेलं नाही. नवं काय, तर चेहरा ड्रायव्हरसारखा फुगीर. आयर्नचा चेहरा कायम सपाट असतो, कारण त्याचं वजन चेहऱ्याच्या अगदी मागे असतं आणि कडेला चेंडू लागल्यावर उलटी फिरकी देण्याचा परिणाम नगण्य असतो. याचं म्हणणं, माझ्या वेगाला तो नगण्य राहत नाही. यूएसजीएची मंजुरी त्याच आठवड्याच्या सोमवारी मिळाली, गुरुवारी ६५ मारून आघाडीवर. शेवटी बरोबरीत सहावा.

आपल्यासारख्यांना त्या फुगीचा फरक कळणारसुद्धा नाही. पण पद्धत बघा. आधी लांबी एक केली, मग पटरच्या चेहऱ्यावर पट्ट्या, मग आयर्नला फुगी. चूक होऊ नये म्हणून जितका सराव, तितकाच झालेली चूक स्वस्तात सुटावी म्हणून खटाटोप.

शंकासूर

आणि ते मिठाच्या पाण्यात चेंडू बुडवणं? की ती अफवा?

मेघधनू

अफवा नाही, २०२४ च्या यूएस ओपनमध्ये त्याने स्वतःच पत्रकारांना सांगितलं. साधं मीठ नव्हे, एप्सम सॉल्ट. पाण्यात पुरेसं विरघळवलं की चेंडू तरंगतो. मग त्याला गरकन फिरवायचं. चेंडूचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यात नसेल तर जड बाजू खाली जाते आणि दर वेळी तोच बिंदू वर येऊन थांबतो. त्यावर खूण करायची. चेंडू ठेवताना खूण अशी ठेवायची की जड बाजू उभ्या रेषेतच वरखाली फिरेल, डावीकडे-उजवीकडे ओढणार नाही. आजचे चेंडू इतके काटेकोर बनतात की फरक किरकोळच असणार. पण मापातली चूक कमी करता येत असेल तर करायचीच, हा त्याचा खाक्या.

आडवातिडवा

आणि एवढं सगळं मोजूनमापून जो फटका अजरामर झाला तो कुठला? पिनहर्स्टचा बंकर (वाळूचा खड्डा)! तिथे ना लांबी कामाला आली ना फुगी.

रफमधला_ससा

अगदी. आडवातिडवांशी सहमत व्हायची वेळ यावी हेही नशीब.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जून २०२४, पिनहर्स्ट नंबर दोन, यूएस ओपनची शेवटची फेरी. रोरी मॅकिलरॉयने शेवटच्या चार होलांत तीन बोगी केल्या, सोळाव्यावर आणि अठराव्यावर चार फुटांच्या आतले पट घालवले. डीशॅम्बोला जिंकायला अठराव्यावर पार हवी होती. ड्राइव्ह गेला डावीकडे, झाडाखाली. मागे फांद्या, पुढे मूळ. कसाबसा ढकलला तो ग्रीनच्या बऱ्याच अलीकडच्या बंकरमध्ये. होल ५५ यार्डांवर.

गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, चाळीस ते साठ यार्डांचा बंकर हा सगळ्यात नकोसा फटका. ग्रीनजवळच्या बंकरमध्ये मागची वाळू उडवली की चेंडू आपोआप बाहेर येतो. पुरेसा लांब असेल तर चेंडू आधी, वाळू नंतर. ५५ यार्डांवर दोन्ही अर्धवट. बोटभर वाळू जास्त घेतली तर वीस यार्ड कमी, चेंडू आधी लागला तर थेट प्रेक्षकांत. याने ५५ अंशांच्या वेजने मारला, चेंडू ग्रीनच्या पुढच्या भागात पडला, घरंगळत गेला आणि होलपासून साधारण चार फुटांवर थांबला. पट पडला. सहा अंडर, मॅकिलरॉय पाच.

कागदावर मांडता येईल असं त्या फटक्यात फारसं काही नाही. वाळू किती ओली, किती घट्ट, हे तळपायालाच कळतं.

टप्पाबाहेर

ससोबा, वर्णन झकास. पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही आहे. शेवटच्या फेरीला निघण्याआधी सराव मैदानावर त्याने ड्रायव्हरचं डोकं बदललं, कारण मार खाऊन खाऊन जुन्याची फुगी सपाट होत आली होती. यूएस ओपनच्या रविवारी, आघाडीवर असताना, टी-ऑफला थोडा वेळ उरलेला असताना! दुसरा कुणी असता तर जुनाच ड्रायव्हर छातीशी धरून बसला असता. मला त्याचा आत्मविश्वास त्या बंकरपेक्षा इथे जास्त दिसतो. क्लबवर भावनिक जीव नाही, तो एक मोजमाप असलेला सुटा भाग आहे.

अर्थात आयर्नना नावं ठेवणाराही हाच. ४२ अंशांच्या क्लबचं नाव जॅकी, जॅकी रॉबिन्सनच्या ४२ नंबरच्या जर्सीवरून. तेव्हा भावनिक जीव नाही हे विधान पन्नास टक्के मागे घेतो.

वाचनमात्र

वाचनमात्र राहणार होतो, पण एक व्यावहारिक प्रश्न आहे. मी नवशिका, सहा महिने शिकतोय. एकाच लांबीचा सेट घ्यावा का? प्रशिक्षक म्हणतात नको, मित्र म्हणतो घे.

खुंटी

मी काही वर्षं असा सेट वापरला, अजूनही अर्धा वापरतो, म्हणून सांगतो.

सहा ते नऊ नंबर सुख आहे. चेंडू एकाच जागी ठेवायचा, तसंच उभं राहायचं. एरवी माझं आठ नंबर छान लागायचं आणि सहा नंबरवर हात आखडायचे, ते गेलं. पाच नंबरने मात्र रडवलं. चेंडू खालून सुसाट जायचा आणि ग्रीनवर पडून पलीकडे. सहा आणि पाच यांच्या अंतरात मला तरी काही फरक सापडला नाही. गणूंनी वर लिहिलंय तेच, मी ते पैसे देऊन शिकलो. पिचिंग वेज पूर्ण स्विंगला ठरल्यापेक्षा उंच आणि थोडी लांब जायची, त्याची सवय होते. पण ग्रीनजवळच्या छोट्या चिपला तो लांब दांडा पोटाशी अडायचा. म्हणून सॅंड वेज आणि लॉब वेज मी नेहमीच्या लांबीची ठेवली.

तुमचा स्विंग अजून घडतोय, तेव्हा सवय मोडायचा त्रास नाही, ही जमेची बाजू. प्रशिक्षक का नको म्हणतात ते आधी विचारा. त्यांना तुमच्या स्विंगमध्ये काही दिसत असेल तर ऐका. नुसतं 'असं कुणी खेळत नाही' एवढंच कारण असेल तर एखादं सात आणि एखादं नऊ नंबर मागून घेऊन त्यांच्यासमोरच मारून बघा. पूर्ण सेट लगेच घेऊ नका.

गणूचा_कोनमापक

खुंटींना दुजोरा. घेतलाच तर पाच नंबरच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) टाका, चेंडू उठायला सोपा जातो. आणि लॉफ्ट तपासून घ्या. कंपन्या हल्ली आयर्नचे लॉफ्ट कमी करत चालल्यात, त्यामुळे पिचिंग वेज आणि पुढची वेज यांत मोठी फट राहते. एकाच लांबीच्या सेटमध्ये अंतर फक्त लॉफ्टवर ठरतं, तिथे ही फट आणखी खुपते. चार-पाच अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

वाचनमात्र

धन्यवाद दोघांना. सात आणि नऊ मागून बघतो. जंबो ग्रिपसुद्धा लगेच लावू की नंतर?

गणूचा_कोनमापक

नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कळणार नाही.